मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर उतरवणे आणि पुन्हा जोडणे

गोडी छाटणीनंतरचे, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीनंतरचे, पहिले दोन महिने द्राक्षबागेत असे असतात, की सकाळी ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर हवा असतो आणि दुपारी वाफसा आला की फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर. रात्री पाऊस होऊन डावणी या बुरशीच्या रोगाची भीती उभी राहिली, तर पहाटे फवारणी निघालीच पाहिजे. अशा वेळी आदल्या दिवशीचा रोटाव्हेटर मागे तसाच लटकत असेल, तर तो उतरवण्यात गेलेले प्रत्येक मिनिट अंगावर येते. नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बहुतेक लहान बागांत २० ते २८ अश्वशक्तीचा एकच मिनी ट्रॅक्टर सगळी कामे करतो, त्यामुळे अवजार बदलण्याला सुटका नसते. हे काम बऱ्याच ठिकाणी दोघातिघांनी मिळून, पहारी लावून आणि एकमेकांवर ओरडत केले जाते. पद्धत एकदा बसली, तर ते एकट्या माणसाला पाव तासात जमते. रोटाव्हेटर जोडताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बहुतेक तो उतरवतानाच तयार झालेल्या असतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून येथे उतरवण्याविषयीच अधिक लिहिले आहे.

सर्वांत आधी जागा ठरवावी. लहान रोटाव्हेटरसुद्धा सुमारे २०० किलोंचा असतो आणि एकदा जमिनीवर टेकला, की हाताने तसूभरही सरकत नाही. त्यामुळे ज्या जागी तो उतरवाल, त्याच जागी पुढच्या वेळी ट्रॅक्टर सरळ मागे नेता आला पाहिजे. शेडमधला सिमेंटचा कोबा उत्तम. तो नसेल तर घट्ट, सपाट आणि पाणी न साचणारी जमीन पाहून त्यावर दोन जाड फळ्या टाकाव्यात. एका ऑक्टोबरमध्ये मी घाईघाईने रोटाव्हेटर बांधाच्या कडेला ओल्या मातीवर उतरवला. त्या रात्री पाऊस झाला, तिसऱ्या दिवशी पाहिले तर उजवी बाजू चार बोटे खाली रुतलेली होती. डावी पिन बसली, उजवी काही केल्या बसेना. शेवटी जॅक लावून, खाली दगड सरकवून तो पुन्हा समतल करण्यात सकाळ गेली. फळ्या शेडमध्येच पडून होत्या.

जागेवर आल्यावर ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर एका रेषेत आहेत ना, हे पाहावे. वळणात उभे राहून उतरवलेला रोटाव्हेटर पुढच्या वेळी वळणातूनच गाठावा लागतो. पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याचा, लिव्हर न्यूट्रलला आणावा, रोटाव्हेटरला स्वतःचे पाय असतील तर ते खाली करून त्यांच्या पिना घालाव्यात आणि मग हायड्रोलिकचा लिव्हर हळूहळू खाली नेऊन तो फळ्यांवर टेकवावा. टेकल्यानंतरही लिव्हर अगदी खालपर्यंत न्यावा, म्हणजे अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन आर्ममध्ये कसलाही भार शिल्लक राहत नाही. त्यानंतर हँडब्रेक लावून, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवावी. 'चालू राहू दे, दोन मिनिटांचे काम आहे' हे वाक्य ट्रॅक्टरच्या मागे कधीही बोलू नये. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे असतो. खांद्यावरचा टॉवेल किंवा सदऱ्याचे टोक त्यात अडकले, तर हात मागे घ्यायलाही सवड मिळत नाही. पीटीओपासून रोटाव्हेटरपर्यंत जाणाऱ्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे गार्ड फुटले म्हणून काढून टाकणारे पुष्कळ जण पाहिले आहेत. बाजारात मिळणारे नवे गार्ड बसवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

सुरुवात शाफ्टपासून करावी. गार्डची साखळी आधी सोडावी, म्हणजे ती ताणून तुटत नाही. ट्रॅक्टरकडच्या टोकाला दाबायची पिन किंवा मागे ओढायची कॉलर असते. ती एका हाताने मोकळी करून दुसऱ्या हाताने ते टोक दातेरी दांड्यावरून सरळ मागे ओढावे. येत नसेल तर हातोडी मारू नये, कारण त्या ठोक्याचा दणका थेट ट्रॅक्टरच्या बेअरिंगला आणि ऑइल सीलला बसतो. बहुधा कारण साधे असते: माती आणि जुने ग्रीस मिळून पिनभोवती काळा दगड झालेला असतो. थोडे डिझेल टाकून, पाच मिनिटे थांबून, पिन चार-पाच वेळा दाबली की ती कुरकुरत का होईना, पण आत जाते. ट्रॅक्टरच्या दांड्यावर लगेच त्याचे प्लॅस्टिकचे टोपण चढवावे. शाफ्टचे मोकळे टोक जमिनीवर टाकू नये, रोटाव्हेटरच्या हुकाला किंवा दोरीने वर बांधून ठेवावे. जमिनीवर पडलेल्या शाफ्टच्या आत गेलेली वाळू पुढच्या वेळी दाते खाते.

नंतर टॉप लिंक, म्हणजे रोटाव्हेटरला ट्रॅक्टरशी वरच्या बाजूने जोडणारा दांडा. हिच्या मधल्या नळीला एका बाजूला उलटे आणि दुसऱ्या बाजूला सुलटे आटे असतात, त्यामुळे नळी फिरवली की लिंक लांब किंवा आखूड होते. पिन ओढण्यापूर्वी लिंक हाताने सैल हलेपर्यंत नळी फिरवावी. ताणात असलेली पिन ठोकून काढली, तर पिन वाकते आणि पुढच्या वेळी भोकात शिरत नाही. पण नळी फिरवण्याआधी एक काम अवश्य करावे. रोटाव्हेटरसाठी जुळवलेली लांबी बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर ऑइल पेंटच्या एका ठिपक्याने खुणेत ठेवावी. दुसरे अवजार लिंकवर चढवून जोडायचे असेल, तर त्याच्यासाठी दुसऱ्या रंगाचा ठिपका. या दोन ठिपक्यांनी माझा जेवढा वेळ वाचवला, तेवढा कोणत्याही महागड्या हत्याराने वाचवलेला नाही.

आता खालचे दोन आर्म. आधी उजवा, मग डावा सोडावा; याचे कारण जोडताना कळेल. कडीची लिंच पिन काढून आर्मच्या टोकाचा भोक असलेला गोळा रोटाव्हेटरच्या पिनेवरून बाहेर सरकवावा. आर्म ताठ असेल, तर उजव्या लिफ्ट रॉडचे (आर्मला वरून धरणाऱ्या दांड्याचे) हँडल एक-दोन फेरे फिरवून भार मोकळा होतो. काढलेली प्रत्येक पिन तिच्याच भोकात परत घालून तिला लिंच पिन लावावी. खिशात, टूलबॉक्समध्ये किंवा मडगार्डवर ठेवलेली पिन हरवतेच. मग चालवायला बसून ट्रॅक्टर सरळ पुढे हातभर न्यावा, थांबून मागे पाहावे आणि काही अडकलेले नाही अशी खात्री झाल्यावरच निघावे. ओढायचा ब्लोअर लावणार असाल, तर मोकळे झालेले दोन्ही आर्म वर उचलून साखळीने बांधावेत, नाही तर वळताना ते ब्लोअरच्या शाफ्टवर आदळतात.

रोटाव्हेटर उभा असताना त्याचेही काही पाहून घेणे बरे. पात्यांत गुंडाळलेली तार, सुतळी आणि ठिबकच्या नळीचे तुकडे काढावेत, सैल बोल्ट आवळावेत, गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघावी. पात्यांजवळ हात घालायचा तो अवजार पूर्ण टेकलेले असतानाच, हायड्रोलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली कधीही नाही.

पुन्हा जोडताना लहान गिअरमध्ये, अगदी सरळ रेषेत मागे यावे. मागे उभे राहून हाताने खुणा करणारा माणूस ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर यांच्यामध्ये नसावा, बाजूला असावा. तो चालवणाऱ्याला दिसत नसेल तर ट्रॅक्टर जागेवर थांबवावा. डाव्या आर्मचा गोळा पिनेसमोर आला, की हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात आणि मगच खाली उतरावे. डाव्या आर्मचा लिफ्ट रॉड बहुतेक ट्रॅक्टरांवर रोजच्या कामात हलवायचा नसतो, म्हणून ट्रॅक्टरने ती बाजू गाठायची. उजव्या रॉडला हँडल असल्यामुळे ती बाजू वरखाली करून जुळवता येते. डावा आर्म आधी, उजवा नंतर आणि टॉप लिंक शेवटी, हा क्रम याच कारणाने ठरलेला आहे. गोळा वाकडा बसला असेल तर तो टॉमीने (लोखंडी दांड्याने) फिरवून सरळ करावा. भोक जुळले का हे बोट घालून कधीही पाहू नये, कारण अवजार अर्धा इंच जरी सरकले तरी बोट जाते. जोडणीच्या मापानुसार मिनी ट्रॅक्टर बहुधा पहिल्या कॅटेगरीचे असतात आणि त्यांच्या खालच्या पिना सुमारे २२ मिलिमीटर जाडीच्या असतात. मोठ्या ट्रॅक्टरच्या आर्मवरचे भोक २८ मिलिमीटर पिनेसाठी असते. मोठ्या ट्रॅक्टरला लहान रोटाव्हेटर लावल्यावर पिन खडखडत असेल, तर मधला बुश (पोकळी भरणारी नळी) टाकावा, चिंधी गुंडाळू नये.

टॉप लिंक ठिपक्यावर आणून पिन घातल्यावर शाफ्टकडे वळावे. रोटाव्हेटर आणि ट्रॅक्टर यांच्यातले अंतर मिनी ट्रॅक्टरवर इतके थोडे असते, की सगळ्या पिना बसल्यानंतर शाफ्ट घालायला हाताला जागा उरत नाही. अशा जोडीत टॉप लिंक लावण्याआधीच शाफ्ट बसवून घेणे सोपे जाते, आणि त्यात काही चूक नाही. दाते जुळत नसतील, तर इंजिन बंद आणि पीटीओ न्यूट्रलला असताना ट्रॅक्टरकडचा दांडा बहुतेकदा हाताने थोडा फिरतो. शाफ्ट आत सरकला की पिन 'टक्' असा आवाज करून बाहेर येते. तो आवाज ऐकूनही शाफ्ट एकदा जोराने मागे ओढून पाहावा. अर्धवट बसलेला शाफ्ट कामाच्या मध्यावर निसटतो आणि मग तो काय काय फोडील याचा नेम नसतो. शेवटी गार्डची साखळी लावावी.

अवजार नवीन असेल किंवा ट्रॅक्टर बदलला असेल, तर शाफ्टची लांबी तपासल्याशिवाय ते चालवू नये. शाफ्टचे दोन्ही भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला आणि एक रोटाव्हेटरला लावावा आणि दोन्ही दांडे सर्वांत जवळ येतात त्या उंचीवर ते शेजारी शेजारी धरून पाहावे. त्या स्थितीतही टोकाला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती नसेल तर शाफ्ट आतून टेकतो आणि त्याचा सारा दाब गिअरबॉक्सवर आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगवर येतो. उलट, सर्वांत लांब ताणलेल्या स्थितीत दोन नळ्या किमान एक तृतीयांश लांबीने एकमेकींत असल्या पाहिजेत. कापायची वेळ आली तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही गार्ड सारखेच कापावेत, कडा कानशीने घासाव्यात, कीस पुसून काढावा आणि ग्रीस लावावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शाफ्टच्या मधल्या दोन टोकांचे यू आकाराचे योक एका रेषेत असावे लागतात. चौकोनी शाफ्ट चार प्रकारे एकमेकांत बसतो, पण त्यांतले दोनच प्रकार बरोबर असतात. चुकीचा बसवला तर सबंध ट्रॅक्टर थरथरतो आणि काही तासांतच शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसची बेअरिंगे तडकू लागतात. ग्रीसच्या बाबतीत साधारण आठ तासांच्या कामाला एकदा, हा हिशेब ठेवावा.

आर्मना बाजूला झुलू न देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या चेक चेन आवळून रोटाव्हेटरला फार तर बोटभर हलू द्यावे. दोन ओळींत आठ-दहा फूट अंतर असलेल्या बागेत मोकळा झुलणारा रोटाव्हेटर एखाद्या खोडाची साल सोलतो किंवा ठिबकची लॅटरल नळी पात्यांत ओढून घेतो, आणि ती नळी पात्यांतून सोडवण्यात दुपार जाते. मग पीटीओ बंद ठेवून हायड्रोलिकने अवजार थोडे उचलावे आणि दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. फरक असेल तो उजव्या हँडलने काढावा. बाजूने पाहताना कामाच्या खोलीवर गिअरबॉक्सचा दांडा आणि ट्रॅक्टरचा दांडा जवळपास समांतर दिसेपर्यंत टॉप लिंक फिरवावी. काम अवजाराची उंची कायम ठेवणाऱ्या पोझिशन कंट्रोलच्या लिव्हरवर करायचे असते, ओढीच्या भारानुसार ते वरखाली करणाऱ्या ड्राफ्टच्या नव्हे. वर उचलण्याची मर्यादा ठरवणारा स्टॉपर तेथेच घट्ट करून ठेवावा, म्हणजे ओळीच्या टोकाला वळताना रोटाव्हेटर गरजेपेक्षा उंच जात नाही. शाफ्ट फार तिरपा झालेला असताना पीटीओ फिरू देणे म्हणजे क्रॉस बदलायची तयारी करणे आहे. वळताना पीटीओ बंद करणे त्याहून चांगले.

पहिली चाचणी इंजिनच्या मंद गतीवर घ्यावी. रोटाव्हेटर जमिनीपासून वीतभर वर ठेवून पीटीओ जोडावा आणि दोन मिनिटे नुसते ऐकावे. आजूबाजूला कोणी, विशेषतः मुले, असतील तर त्यांना आधी दूर पाठवावे. एकसारखी घरघर ठीक. 'कट-कट' असा ठराविक अंतराने येणारा आवाज म्हणजे क्रॉस किंवा सैल पाते, आणि वेग वाढवताच येणारी थरथर म्हणजे योक चुकीचे बसले आहेत. इंजिन बंद करून, सगळे थांबल्यावर, गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब दिसतो का ते पाहावे आणि बेअरिंगच्या जागी हाताचा मागचा भाग लावून बघावा. हात ठेववत नसेल इतकी ती गरम झाली असेल तर त्या दिवशी काम सुरू करू नये. सगळे ठीक असेल तर पहिल्या दोन ओळी हलक्या खोलीवर माराव्यात आणि तासाभराने थांबून पात्यांचे बोल्ट, लिंच पिना आणि चेक चेनचे नट एकदा फिरून पाहावेत. नव्याने जोडल्यावर सैल होणारे नट बहुधा या पहिल्या तासातच सैल होतात.