आईच्या बॅगेतला अळीव आणि कार्डावरची सही

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आणि पुन्हा जुलैत मला फोन येऊ लागतात. कुणी सांगली-साताऱ्याकडून शिकायला निघालेलं असतं, कुणाचे आईबाबा नातवाला बघायला यायचे असतात. प्रश्न एकच: "दादा, ऑस्ट्रेलियात काय काय आणलेलं चालतं?" मी 2007 पासून मेलबर्नला आहे. या प्रश्नाचं सरळ उत्तर मी देत नाही, कारण याद्या बदलतात आणि माझ्या सांगण्यावर कुणी बॅग भरावी हे मला नको आहे. मी उलट विचारतो, "कार्डावर काय लिहिणार आहात?"

विमानात एक कार्ड हातात देतात. प्रवासात अर्धवट झोपेत असताना ते भरायचं असतं, आणि आपली बरीच माणसं ते शेजाऱ्याचं बघून भरतात. त्या कार्डावरची सही कायदेशीर असते. मांस, अंडी, दूध, फळं, भाज्या आहेत का. धान्य, बिया, झाडांचे भाग, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू आहेत का. माती लागलेल्या वस्तू आहेत का. गेल्या तीस दिवसांत शेतात किंवा जनावरांजवळ गेला होतात का, असे प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. गावाकडून येताना निघायच्या आदल्या दिवशी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवून आलेला माणूस "नाही" लिहितो, कारण शेतात जाणं हे त्याला सांगण्यासारखं वाटतच नाही.

आता माझी चूक सांगतो.

2018 मध्ये आमच्याकडे बाळंतपण होतं. आई पहिल्यांदाच एकटी येणार होती. तिला इंग्रजी वाचता येतं, पण घाईत नाही. मी आधीच कार्डाचा नमुना मोबाइलवर पाठवला, प्रत्येक प्रश्नासमोर कुठे खूण करायची ते दाखवलं आणि सांगितलं, "सगळीकडे नो कर, रांगेत उभं राहावं लागणार नाही." तेव्हा इथे अकरा वर्षं काढलेला मी, मला वाटलं मला सगळं कळतं. आईने तसंच केलं. तिच्या बॅगेत सुनेसाठी अळीव, बाळंतशेपा, ओवा, डिंक, खारीक होती, घरच्या लोण्याचं कढवलेलं तूप होतं, आणि बाल्कनीत लावायला कागदाच्या पुडीत तुळशीच्या मंजिऱ्या. बॅग यंत्रातून गेली आणि उघडली गेली.

मी बाहेर अडीच तास उभा होतो. आत आईला फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिला होता. "बॅग तुम्ही स्वतः भरली का? कार्ड तुम्ही भरलं का? ही सही तुमची का?" तिन्ही प्रश्नांना तिने खरं उत्तर दिलं, हो. मुलाने सांगितलं म्हणून, हे ती बोललीच नाही. बोलली असती तरी फरक पडला नसता. चूक माझी होती, सही तिची होती. 420 डॉलरचा दंड तिच्या नावावर लागला. मी तो भरला, पण तिच्या मनातून तो गेला नाही. साठ वर्षांत कुणाचं दोन रुपयांचं देणं न ठेवलेल्या बाईला परक्या देशात पाऊल टाकताच खोटं बोलल्याचा कागद मिळाला. नातीला पहिल्यांदा हातात घेताना ती रडली. ते रडणं फक्त आनंदाचं नव्हतं हे मला कळत होतं.

म्हणून हे पुन्हा पुन्हा लिहितो. संशय असेल तर "हो" लिहा. खात्री असेल तरी खायचं, उगवायचं, लाकडाचं, जनावराचं काहीही असलं तर "हो" लिहा. खरं जाहीर केलं तर दंड होत नाही, ती वस्तू चालणारी नसली तरीही. फार तर काढून घेतात. कधी तुमच्या खर्चाने प्रक्रिया करून देतात. दंड असतो तो लपवण्याला. बॅग कुणी भरली, पुडी कुणी दिली, आत काय आहे माहीत नव्हतं, यातलं काहीही बचाव म्हणून चालत नाही. शेजारच्या काकूंनी "माझ्या मुलीला एवढा डबा दे हं" म्हटलं, की तो डबा तुमच्या बॅगेत आल्या क्षणी तुमचा झाला. उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. वाईट वाटलं तर वाटू द्या.

तेव्हाचे 420 डॉलर आज कुणाला सोपे वाटतील. आता हा दंड सहा हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो. आणि पैशापुरतं हे थांबत नाही. 2019 पासून पाहुणा म्हणून आलेल्याचा व्हिसा याच कारणावरून रद्द करता येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिडनीला दहा किलो अन्न न सांगता आणलेल्या एका व्हिएतनामी बाईंना विमानतळावरूनच परत पाठवलं आणि तीन वर्षं प्रवेश बंद केला. नंतर विद्यार्थी आणि तात्पुरत्या व्हिसावरचे लोकही या नियमात आले. शिकायला येणाऱ्या मुलांनो, वीस-तीस लाखांचं कर्ज काढून येताय. आईने प्रेमाने दिलेल्या मेतकुटाच्या पिशवीवर ते पणाला लावू नका. द्यायचंच असेल तर घ्या, पण कार्डावर लिहा.

आपल्यातल्या काहींचा मला राग येतो. मंडळाच्या कार्यक्रमात चहा घेताना ते अभिमानाने सांगतात, "मी बारा किलो आणलं, कुणी विचारलंसुद्धा नाही." नवीन मुलं ते ऐकतात आणि तसंच करतात. सुटलेल्याची गोष्ट चारचौघांत सांगितली जाते. पकडला गेलेला घरी गप्प बसतो, म्हणून आपल्याला एकच बाजू ऐकू येते.

हा देश एवढा कडक का, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला तरी समजायला हवं. पुण्यात 1955 च्या सुमारास एक गवत पहिल्यांदा नजरेत आलं. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. आपण त्याला काँग्रेस गवत किंवा गाजर गवत म्हणतो, आणि आज महाराष्ट्रातला एक बांध त्याच्यावाचून दाखवा. माझ्या वडिलांनी उपटून उपटून हाताला खाज आणि पुरळ घेतली. लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग आपल्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे असतो. ऑस्ट्रेलियात 1872 नंतर तो आलेला नाही. 2022 मध्ये इंडोनेशियात साथ आली तेव्हा इथल्या विमानतळांवर बूट निर्जंतुक करायच्या चटया टाकल्या होत्या. असा रोग दुधाच्या पदार्थांतूनही येऊ शकतो, म्हणूनच दिवाळीच्या आधी इथलं कृषी खातं बर्फी, रसमलाई, गुलाबजाम अशा दुधाच्या मिठाईबद्दल आपल्या समाजाला मुद्दाम बजावतं. कंदी पेढे आईकडेच खाऊन या.

डाळी-मसाल्यांचं कारण वेगळं आहे आणि ते कुणाला माहीत नसतं. खपरा भुंगेरा नावाचा किडा मूळ आपल्याच भागातला. साठवलेल्या धान्यात राहतो. त्याच्या अळ्या खाण्याशिवाय वर्षानुवर्षं फटीत दडून राहू शकतात. 2020 मध्ये इथे आयात मालाच्या खोक्यांत तो सापडू लागला, तेव्हापासून नियम आवळले. ऑक्टोबर 2020 पासून प्रवाशाच्या बॅगेतून आणि टपालाने तांदूळ, तूर, हरभरा, मूग, मसूर, चवळी, गहू, शेंगदाणे, जिरं, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या असं काही आणायला बंदी आहे. बघा, गोड्या मसाल्याच्या सामानातलं अर्धं या यादीत बसतं. "पॅकबंद आहे, दुकानाचं आहे" या सबबीवर ते सुटत नाही. आणि मला कळत नाही की तूरडाळ आणायचीच कशाला! मेलबर्नच्या डँडेनाँग उपनगरात फॉस्टर स्ट्रीटवर सगळं मिळतं, अळीवसुद्धा. त्या दुकानदाराने माल आणताना नियम पाळलेले असतात, आणि त्याची कायदेशीर जबाबदारी त्याने घेतलेली असते.

औषधांचं थोडक्यात. स्वतःची, तीन महिन्यांपुरती, मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा आणि कार्डावर लिहा. दुसऱ्याची औषधं आणू नका. नंतर टपालाने मागवायची असतील आणि ती चिठ्ठीवर मिळणारी असतील, तर इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. सुटी चूर्णं, भस्मं नकोतच. तंबाखूची मर्यादा फार कमी आहे, घेऊच नका.

पार्सलबद्दल माणसं बेफिकीर असतात, कारण समोर अधिकारी नसतो. पण पार्सलवर नाव कुणाचं, तर तुमचं. घरच्यांना सांगून ठेवा की वर "गिफ्ट" लिहून भागत नाही, आत काय ते एकेक लिहायचं. राखीबरोबर तांदूळ-कुंकवाची पुडी घालायची नाही. जहाजाने घरसामान आणणार असाल तर पॅकर्सच्या भरवशावर राहू नका. सामानाच्या घोषणेवर सही तुम्ही करता. केरसुणी, सूप, परडी आणू नका. देव्हारा, पोळपाट जाहीर करा. बुटांचे तळ आणि पोराची क्रिकेटची बॅट-किट ब्रशने धुवा, मैदानाची माती खाचेत राहते.

अलीकडे बऱ्याच जणी घरून छोटा व्यवसाय करतात: साड्या, पूजेचं साहित्य, खेळणी, फराळ. कौतुकाची गोष्ट आहे. पण आयातदार झालात की तुम्हीच उत्तरदायी. एक हजार डॉलरच्या वरच्या मालाला आयात घोषणा द्यावी लागते. आयातीची कागदपत्रं करून देणारा परवानाधारक कस्टम्स ब्रोकर नेमा, मात्र त्याला चुकीची माहिती दिलीत तर ती तुमच्या अंगावर येते. पैसे देण्याआधी सरकारच्या बायकॉन या संकेतस्थळावर वस्तूच्या आयातीच्या अटी बघा. परवाना लागत असेल तर तो माल निघण्याआधी हातात हवा. मालात एस्बेस्टॉस हे घातक तंतुमय खनिज नाही ना तेही बघा, त्यावर इथे 2003 च्या शेवटापासून पूर्ण बंदी आहे. पुरवठादाराच्या "एस्बेस्टॉसमुक्त" प्रमाणपत्रावर विसंबू नका, कारण काही देशांत थोडं प्रमाण असलं तरी तसं लिहितात.

पर्थला जाणाऱ्यांसाठी एक. देशातल्या देशात विमानाने जातानाही तिथे मध आणि बहुतेक ताजी फळं नेता येत नाहीत.

आई त्यानंतर दोनदा आली. आता ती निघायच्या आठवडाभर आधी वहीच्या पानावर यादी करते: डावीकडे मराठी, उजवीकडे माझ्या मुलीने फोनवर सांगितलेलं इंग्रजी. कार्डावर जिथे थोडासा संबंध दिसेल तिथे "येस". गेल्या खेपेला तिने तपासणीच्या काउंटरवर स्वतःहून बॅग उघडली आणि ती यादी पुढे केली. अधिकारी मुलीने ओव्याची पुडी काढून घेतली, डिंक वास घेऊन परत ठेवला आणि दहा मिनिटांत तिला सोडलं. बाहेर आल्यावर आईने मला आधी तो कागद दाखवला, मग नातीला जवळ घेतलं.