ॲग्री झालं, पुढं काय? अन्नाच्या व्यापारात आणि भुकेच्या आकड्यांत यायचंय त्यांच्यासाठी

तासगाव, पलूस, मिरज भागातल्या मुलामुलींचे फोन येतात, ताई बीएस्सी ॲग्री झालंय, घरचे एमपीएससी कर म्हणतात, तुम्ही ते जगाच्या अन्नधान्याचं काम करता ते नक्की काय असतं आणि त्यात यायचं कसं. प्रत्येकाला फोनवर सांगताना निम्मं राहूनच जातं म्हणून एकदा सगळं लिहून काढते. लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी माझं सांगते. घरची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग. 2014 ला कोल्हापूरच्या शेती कॉलेजातनं बाहेर पडले आणि लगेच एका एक्स्पोर्टरच्या पॅकहाऊसला कागदपत्रं बघायला लागले, पगार अकरा हजार. एवढं शिकून पॅकहाऊसला काय, असं सगळे म्हणायचे, पण मी आजही पहिला सल्ला हाच देते की एक सीझन तिथं काढाच. फेब्रुवारीत सकाळी बागेतनं क्रेट येतात, बायका कात्री घेऊन घडातले बारके, तडकलेले मणी काढत बसलेल्या असतात, हाताला गारठा लागलेला असतो तरी कात्री थांबत नाही, मण्याला रिंग लावून मिलिमीटर बघायचे, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून साखर बघायची, मग पनेट म्हणजे प्लॅस्टिकची छोटी डबी, मग प्रीकूलिंग म्हणजे माल गार करणं, मग कंटेनर. जागतिक व्यापार म्हणजे काय ते मला त्या गार हॉलमध्ये कळलं, पुस्तकात नंतर वाचलं.

तिथंच एकदा माझ्या हातनं एका शेतकऱ्याच्या प्लॉट नंबरातला एक आकडा चुकला. युरोपला जाणारा प्रत्येक प्लॉट अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाईन नोंदवहीत नोंदलेला लागतो, त्याच प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधाच्या अंशांचा तपासणी अहवाल, जुळावा लागतो, नाहीतर माल हलत नाही. दोन दिवस कंटेनर अडकला. त्या शेतकऱ्याचा दर तासाला फोन यायचा, आवाज चढलेला कधीच नव्हता, नुसतं विचारायचे, निघाला का ओ मॅडम. तेव्हापासून कुठलाही आकडा मी दोनदा बघितल्याशिवाय पुढं ढकलत नाही. आणि हे नियम एवढे कडक का तेही समजून घ्या. 2010 ला मी नुकतीच बारावी झालेले, तेव्हा युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी या संजीवकाचे अंश सापडले, माल अडकला, आणि ज्या औषधाबद्दल इथं कुणाला नीट काही सांगितलंच नव्हतं त्याचा फटका आमच्या भागातल्या घराघरात बसला.

मग राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी, विषय कृषी अर्थशास्त्र. ॲग्रीवाल्यांना सरळ वाट ती आहे. नुसतं अर्थशास्त्र हवं असेल तर पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, गोरेगावात इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आणि मॅनेजमेंटकडं ओढा असेल तर आणंदची इर्मा. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यांच्या त्यांच्या साईटवर बघा. संख्याशास्त्र आणि एक्सेल चांगलं पाहिजे, पुढं आर किंवा पायथन या कॉम्प्युटरच्या भाषा, आणि इंग्रजी रिपोर्ट न घाबरता वाचता आला पाहिजे, बोलणं आपोआप सुधारतं.

पण खरी गोची वेगळ्याच ठिकाणी होते, एककं आणि वर्षं. आपण क्विंटलमध्ये बोलतो, शिकागोच्या वायदेबाजारात गव्हाचा भाव बुशेल या मापाला इतके सेंट असा असतो, एक बुशेल गहू म्हणजे 27.2 किलो आणि मक्याचा बुशेल मात्र 25.4 किलो. साखरेचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर, गव्हाच्या खरेदीचा हंगाम एप्रिलपासून. हे न बघता दोन तक्ते शेजारी ठेवले की सगळं विश्लेषण वाया. एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला असलेला नंबर, पाठ करायची गरज नाही पण आपल्या मालाचे तरी माहीत पाहिजेत, ताजी द्राक्षं 080610, बेदाणा 080620, हळद 091030.

आता मुद्द्याचं. जगात दरवर्षी साधारण 280 कोटी टन तृणधान्य पिकतं, आणि तरी संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालाप्रमाणं 2024 मध्ये सुमारे 67 कोटी लोक उपाशी होते. हे दोन आकडे एकत्र कसे काय राहतात हा आमच्या कामाचा गाभा. याचं उत्तर मला आमच्या आज्जीनं दिलं. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. मी थिसिस लिहीत होते तेव्हा तिला विचारलं, ज्वारी मिळतच नव्हती का गं? ती म्हणाली, "बाजारात हुती की, घ्याला पैसं कुठलं?" अमर्त्य सेन यांनी बंगालच्या 1943 च्या दुष्काळावर जे सविस्तर मांडलं त्याचा गाभा हाच आहे, धान्य असतं पण ते मिळवायची ऐपत गेलेली असते. आणि आपल्या जिल्ह्याला हे फार आधी उमगलं होतं बघा, आमच्याच तासगाव तालुक्यात विसापूरच्या वि. स. पागे यांनी 1965 ला कामाच्या हमीचा प्रयोग सुरू करवला, त्यातनं राज्याची रोजगार हमी आली आणि 2005 चा देशाचा कायदा त्याच वाटेनं झाला. अन्नसुरक्षा शिकायला परदेशात जाणाऱ्या सांगलीच्या पोरांना हे माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

या धान्याच्या आकड्यांच्या कामात नोकरी लागल्यावर जे शिकले ते भीषण वेगानं. फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला झाला, काळ्या समुद्रातनं गहू, मका, सूर्यफूल तेल अडकलं, मार्चमध्ये एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा, अन्न किंमत निर्देशांक इतिहासातला सगळ्यात वर गेला. आम्ही भारताचा गहू जगाला पुरणार असे तक्ते करत होतो आणि इकडं मार्चच्या उन्हानं पंजाब-हरियाणात दाणा बारीक पडला, सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या 433 लाख टनांवरनं 188 लाखांवर आली आणि 13 मे ला निर्यात बंद. पुढच्या वर्षी 20 जुलैला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा 40 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं थायलंड, व्हिएतनामचा भाव पंधरा वर्षांत नव्हता एवढा चढला. दिल्लीत एक कागद निघतो आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बाईच्या पातेल्यातला भात कमी होतो. इथल्या ग्राहकाला स्वस्त मिळावं हेही खरंच असतं, मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय, पण रात्रीत बंदी घालणं मला आजही पटत नाही. तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाल्यावर 2024 च्या सीझनला चुलतभावाची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेली, पोचायला दोन आठवडे जास्त.

तर तयारी म्हणून रोजचा अर्धा तास काढा. एफएओचा निर्देशांक बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, अमेरिकेच्या शेती खात्याचा पुरवठा-मागणी अहवाल महिन्याला, आपल्या बाजार समित्यांचे भाव देणारी ॲगमार्कनेट साईट रोजची, सगळं फुकट. एक पीक धरा आणि वर्षभर त्याच्याच मागं लागा. आणि हंगामात सांगली यार्डात हळदीच्या सौद्याला जाऊन उभे राहा, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि भाव बोलतो, ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

उपासमारीच्या आकड्यांवर काम करायचं असेल तर मन घट्ट लागतं. टंचाईच्या पाच पायऱ्या मानतात, पाचवी म्हणजे दुष्काळ. ऑगस्ट 2025 ला गाझा शहर परिसरात ती जाहीर झाली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि आपल्या गल्लीतलं रेशन दुकान बघा. माणशी महिना पाच किलो, कायदा 2013 चा, सगळ्यांना तोंडपाठ असतं. मी एकदा रांगेत उभी होते, पुढं एक म्हातारी, जन्मभर भांगलण करून बोटाच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. पदराला पुसून परत लावला, परत नाही. दुकानदारानं तिचं बोट ओल्या फडक्यानं पुसून दिलं आणि चौथ्या वेळी लागला. मागची रांग तोवर गप्प उभी होती.