तेलाच्या डब्यावरची तारीख

परभणीत माझं खता-बियाण्यांचं दुकान. दिवसभर बैठक, गिऱ्हाइकासोबत सात-आठ कप गोड चहा. गेल्या वर्षी सहज रक्त तपासलं, तर एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) २४०. मी म्हणलं, "डॉक्टर, आमचं तेल तर कोलेस्टेरॉल-फ्री आहे, डब्यावरच लिहिलंय!" ते हसले. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं. एलडीएल वाढतं ते मुख्यतः डालडा, साय, बेकरीच्या मालानं; ट्रायग्लिसराइड्स साखरेनं, बैठकीनं. बीपी-शुगर नव्हती, म्हणून कोलेस्टेरॉलच्या गोळीआधी पथ्य करून बघायला तीन महिने दिले.

घरी बायकोनं पाच लिटरच्या डब्यावर मार्करनं तारीख टाकली. चार माणसांत डबा वीस दिवसांत रिकामा! म्हणजे माणशी रोज साठ मिलीच्या वर. तर्री बंद झाली तेव्हा मी दोन दिवस रुसलो होतो, खोटं कशाला बोलू. आता तोच डबा दीड महिना पुरतो. बिस्किटं गेली. ज्वारीची भाकर होतीच, सोबत जवसाची चटणी अन् रोज एक उसळ. चहा दोनच कप, बिनसाखरेचा. (पहिला आठवडा काढा पिल्यागत वाटलं.) पहाटे पाऊण तास झपझप चालणं.

तीन महिन्यांनी एलडीएल १३१, ट्रायग्लिसराइड्स १६५. वजन पाच किलो कमी. एलडीएल शंभराच्या खाली हवं, म्हणून पुढची तपासणी दिवाळीनंतर. माझ्या मोठ्या भावाला मात्र पथ्य पाळूनही गोळी लागलीच. त्यानं ती माझं बघून बंद केली होती, डॉक्टरांनी चांगलंच झापलं.