पर्यावरणपूरक वस्तू निवडताना पाकिटावर काय शोधावं

पाकिटावर हिरवं पान छापायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘इको’, ‘नॅचरल’ हे शब्द आता भांड्यांच्या साबणापासून कचऱ्याच्या पिशवीपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यामुळे खरेदीला एक क्रम ठेवावा.

आधी जुनी वस्तू दुरुस्त होते का पाहा. मिक्सर, छत्री, बॅगेची चेन नीट करून देणारे कारागीर मुंबईच्या गल्ल्यांत अजून आहेत. कापडी पिशवीचंही तसंच. घरात चार असताना पाचवी घेऊ नका. ती बनवायलाही बरंच पाणी आणि वीज लागते.

नवीन घ्यायचंच असेल तर दाव्यामागचा क्रमांक शोधा. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे कुजून खत होणाऱ्या पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. त्यासाठीचं आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेसाठी आहे. तेवढी उष्णता सोसायटीच्या खड्ड्यात किंवा गटारात नसते, तिथे ही पिशवी लवकर कुजेल असं धरू नका. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या शहरात तुंबलेल्या गटाराची किंमत वेगळी सांगायला नको. ओल्या कचऱ्याला पिशवीविना डबाच उत्तम. याशिवाय दोन चिन्हं ओळखून ठेवा: मातीच्या मडक्याचं सरकारी ‘इकोमार्क’ (१९९१ पासूनचं, पण फार थोड्या वस्तूंवर दिसतं) आणि सेंद्रिय धान्यावरचं ‘जैविक भारत’.

सगळ्यात जास्त वेळ मात्र विजेच्या उपकरणांना द्या. मुंबईच्या विजेतला मोठा वाटा अजून कोळशाचा आहे. ट्रॉम्बे आणि डहाणूला तो जळतो. साधा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात, आणि आपल्याकडे पंखा वर्षभर फिरतो. एसी किंवा फ्रिज घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवरचं वर्षही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या पाचांच्या बरोबरीचे नसतात. सारख्याच क्षमतेची दोन मॉडेलं शेजारी ठेवून वार्षिक युनिटांचा आकडा ताडून पाहा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

दावा खोटा वाटला तर बिल आणि वेष्टनाचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पुराव्याविना केलेल्या पर्यावरणाच्या दाव्यांविरुद्ध २०२४ पासून केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत, त्यांचा उल्लेख तक्रारीत जरूर करा.