सक्तीची फील्ड आणि ९९९९: घरांच्या लिस्टिंग डेटाबेसला नियम कसे लावावेत

जुना लिस्टिंग डेटाबेस, म्हणजे विक्रीला काढलेल्या घरांच्या नोंदींचा साठा, हातात आला की मी नियमांची वही आधी उघडत नाही. आधी प्रत्येक फील्डमध्ये लोकांनी काय काय भरलंय आणि ते किती वेळा भरलंय, याची उतरती यादी काढते. क्षेत्रफळात वरच्या ओळींत १, ०, १००० आणि ९९९९ दिसतात. बांधकामाच्या वर्षात १९०० दिसतं. फोनमध्ये दहा वेळा ९. ताबा मिळण्याची तारीख १ जानेवारी १९७० असते, म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने रिकाम्या जागी शून्य पाठवलं आणि युनिक्सच्या घड्याळाने, जे त्या दिवसापासूनच मोजायला लागतं, त्याची तारीख केली. नकाशावर काही घरं आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात तरंगत असतात, कारण अक्षांश शून्य आणि रेखांशही शून्य.

ही यादी पाहून वरिष्ठांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘एजंट निष्काळजी आहेत, आणखी फील्ड सक्तीच्या करा.’ मला ते पटत नाही. एजंटला त्या क्षणी बांधकामाचं वर्ष माहीत नव्हतं, फॉर्म पुढे जाऊ देत नव्हता, आणि ‘माहीत नाही’ म्हणायला फॉर्मने जागाच ठेवली नव्हती. खोटं बोलायला आपणच भाग पाडलं. रिकामी फील्ड नंतर भरून घेता येते, पण १९०० खरं की खोटं हे कुणालाच ओळखता येत नाही, आणि १९०० साली बांधलेली घरं खरोखर असतात.

म्हणून माझा पहिला नियम नियम लिहिणाऱ्यांसाठी आहे: कोणतीही फील्ड सक्तीची करण्याआधी तिला प्रामाणिक पळवाट द्या.

रिकामेपणाचे प्रकार

‘नल’, म्हणजे डेटाबेसमधली रिकामी जागा, हे एकच उत्तर तीन वेगळ्या गोष्टी सांगतं. माहिती आहे पण अजून मिळालेली नाही; माहिती लागूच नाही, जसं मोकळ्या प्लॉटला बाथरूमची संख्या; आणि माहिती आहे पण मालकाला जाहीर करायची नाही. या तिन्हींसाठी शेजारी एक छोटा ड्रॉपडाउन ठेवा. पण तो सगळ्या फील्डना लावू नका, फॉर्म सरकारी अर्जासारखा होईल. क्षेत्रफळ, बांधकाम वर्ष, देखभाल खर्च, पार्किंग अशा ज्या मोजक्या गोष्टींवर शोध आणि तुलना चालते, तेवढ्यांनाच पुरे.

त्याहून उपयोगी म्हणजे माहितीचा उगम. रिअल इस्टेट स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन, म्हणजे ‘रेसो’, या संस्थेच्या डेटा डिक्शनरीत, म्हणजे लिस्टिंगच्या फील्डच्या प्रमाण यादीत, राहत्या क्षेत्रफळासाठी एक फील्ड आहे, त्याच्या एककासाठी दुसरी, आणि तो आकडा कुठून आला यासाठी तिसरी. बांधकाम वर्षालाही उगमाची अशीच फील्ड आहे. मालकाने सांगितलं, कागदपत्रात होतं, की मूल्यांकन करणाऱ्याने मोजलं? हे विचारलं की एजंट थोडा थांबतो. ‘मालकाने सांगितलं’ असं लिहिता येतं म्हटल्यावर आकडा फुगवण्याची गरजही कमी होते, कारण जबाबदारी कुणाची ते नोंदलेलं असतं.

अडवायचं काय, विचारायचं काय

प्रत्येक नियम लिहिताना स्वतःला विचारा: हे अशक्य आहे, की फक्त विचित्र आहे? अशक्य असेल तर अडवा. विचित्र असेल तर विचारा, कारण लिहून घ्या आणि जाऊ द्या.

विक्री पूर्ण झाल्याची तारीख लिस्टिंगच्या तारखेआधीची असणं अशक्य. अडवा. एकाच मोजणीत चटईक्षेत्र (भिंतींच्या आतलं) बिल्ट-अपपेक्षा (भिंती धरून) जास्त, अडवा. बाथरूम उणे दोन, अडवा. पण ‘मजला एकूण मजल्यांपेक्षा जास्त’ हा नियम घ्या. वरवर तो अशक्यच वाटतो. काही इमारतींत मात्र तेराव्या मजल्याला आकडाच देत नाहीत, बारानंतर थेट चौदा. काही ठिकाणी चारही गाळतात. अशा इमारतीत वरच्या मजल्याचा क्रमांक मजल्यांच्या खऱ्या संख्येपुढे जातोच. त्यात तळमजला कुणी शून्य धरतं, कुणी एक. हा नियम अडवणारा केलात तर एजंट एकूण मजले वाढवून मोकळा होईल आणि तुमच्याकडे एकाऐवजी दोन चुका जमतील. हा विचारणारा नियमच ठेवावा.

किमतीचंही तसंच. एखादं शून्य जास्त पडणं ही फार जुनी आणि फार महाग चूक आहे. त्यासाठी किमतीला सरसकट वरची मर्यादा घालू नका. दर चौरस फुटाचा भाव काढा आणि त्याच भागातल्या, त्याच प्रकारच्या घरांच्या मध्यकाशी, म्हणजे भाव क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणाऱ्या भावाशी, ताडून पाहा. सरासरी वापरू नका. आधीच शिरलेली एक दहापट किंमत सरासरी ओढून नेते आणि पुढची चूक तिच्या आडोशाने सुटते. मध्यकाच्या पाचपट किंवा पाचव्या हिश्श्याच्या पलीकडे गेलं की ‘एकदा तपासा’ म्हणायचं, असा अंदाज सुरुवातीला ठेवा आणि आपल्या डेटाप्रमाणे बदला.

सक्ती कधी करायची हे लिस्टिंगच्या स्थितीवर ठरवा. मसुद्यात जवळजवळ काहीच सक्तीचं नको. प्रसिद्ध करताना पत्ता, प्रकार, किंमत, क्षेत्रफळ आणि त्याचं एकक हवं. विक्रीची अंतिम किंमत फक्त ‘विक्री पूर्ण’ या स्थितीत मागायची, आणि तिथे मात्र अजिबात सोडायची नाही. स्थिती कुठून कुठे जाऊ शकते याचाही तक्ता करा. ‘रद्द’वरून थेट ‘विक्री पूर्ण’कडे उडी मारता येत असेल तर कुणीतरी ती मारणारच.

क्षेत्रफळ

या एका फील्डने माझा जितका वेळ खाल्ला तितका बाकी सगळ्यांनी मिळून खाल्ला नसेल. आकडा एकट्याने साठवू नका. सोबत एकक, मोजणीचा प्रकार आणि उगम पाहिजे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. त्यामुळे ९० हा आकडा एककाशिवाय आला तर ती एक खोलीही असू शकते आणि प्रशस्त फ्लॅटही. एजंटने जे टाइप केलं ते मूळ आकडा म्हणून जसंच्या तसं ठेवा आणि शोधासाठी रूपांतरित आकडा वेगळ्या कॉलममध्ये. मीटरचे फूट, फुटांचे पुन्हा मीटर असं दोन-तीन प्रणालींतून फिरून आलं की पूर्णांक करण्यातली झीज दिसायला लागते, आणि मग ग्राहक विचारतो की गेल्या महिन्यात हे घर मोठं होतं का.

काय मोजायचं याबाबत मापदंड आहेत, त्यांचा आधार घ्या. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅन्सी झेड ७६५’ या मानकात जमिनीखालचा भाग जमिनीवरच्या राहत्या क्षेत्रफळात मिळवत नाहीत. आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘आयपीएमएस’ हे मालमत्ता मोजणीचं मानक आहे. तुम्ही कोणतंही निवडा, पण फॉर्मवर त्या फील्डच्या खाली एका वाक्यात लिहा: भिंती धरायच्या की नाही, बाल्कनी धरायची की नाही. मदतपुस्तिकेच्या चाळिसाव्या पानावर लिहिलेली व्याख्या कुणी वाचत नाही.

नियम बसवायचा कुठे

फॉर्मवरचा नियम हा सौजन्याचा भाग आहे. चूक तिथल्या तिथे दिसते, एजंटचा वेळ वाचतो. पण एक्सेलमधून घाऊक भरणा होतो, दुसऱ्या प्रणालीतून फीड येतं, रात्री कुणीतरी स्क्रिप्ट चालवतं, आणि यातलं काहीच फॉर्ममधून जात नाही. ‘अशक्य’ वर्गातले नियम डेटाबेसमध्येच हवेत: नॉट नल (रिकामं चालणार नाही), चेक (अट पाळलीच पाहिजे), फॉरिन की (मूल्य दुसऱ्या टेबलात असलंच पाहिजे), युनिक (तेच पुन्हा चालणार नाही).

इथे काही खाचखळगे आहेत. चेक कन्स्ट्रेंटचं, म्हणजे चेकच्या अटीचं, उत्तर ‘खोटं’ आलं तरच डेटाबेस अडवतो. एक बाजू नल असेल तर उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि नोंद आत जाते. चटईक्षेत्र विरुद्ध बिल्ट-अप या नियमात बिल्ट-अप रिकामं असेल तर नियम गप्प बसेल. बहुधा तेच हवं असतं, पण माहीत असलेलं बरं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.०.१६च्या आधीच्या आवृत्त्या चेक कन्स्ट्रेंट मुकाट स्वीकारायच्या आणि तितक्याच मुकाट दुर्लक्षून टाकायच्या. जुन्या सर्व्हरवर असाल तर मुद्दाम एक चुकीची नोंद घालून बघा.

जुन्या घाणीवर नवा नियम लावायचा तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कन्स्ट्रेंट ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडता येतं. नव्या नोंदी तपासल्या जातात, जुन्या तशाच राहतात, आणि साफसफाई झाली की ‘व्हॅलिडेट’ करायचं. ऐकायला छान. पण जुनी चुकीची नोंद कुणी अपडेट करायला घेतली तर तो नियम तिलाही लागतो. एजंट किंमत कमी करायला येतो आणि त्याला क्षेत्रफळाची एरर मिळते. तीही फॉर्मवर न दिसणाऱ्या फील्डची. म्हणून असा नियम टाकण्याआधी सध्या बाजारात असलेल्या लिस्टिंग दुरुस्त करून घ्या. वर्षांपूर्वी बंद झालेल्या नोंदी सावकाश केल्या तरी चालतील.

आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्याच. क्षेत्रफळात कुणी देवनागरीत ‘१२००’ टाइप केलं तर सर्व्हरवरच्या पायथन ३मध्ये अंक ओळखणारा साधा पॅटर्न ते अंक म्हणून मान्य करतो, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये तोच पॅटर्न नाकारतो. म्हणजे ब्राउझर नाही म्हणतो, सर्व्हर हो म्हणतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर. तपासण्याआधीच सगळे अंक एका रूपात आणा. नावांचं तर विचारू नका. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो: एकात वेगळं ऱ अक्षर, दुसऱ्यात साधा र आणि मागे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे. एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर ते एका रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी रूपांतरही त्यांना एक करत नाही, ते स्वतः करावं लागतं. परिसराची नावं हाताने टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. हा सगळा त्रास तिथल्या तिथे संपतो.

एकच घर, चार नोंदी

घर आणि लिस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची टेबलं वेगळी ठेवा. एकाच घराच्या आयुष्यात अनेक लिस्टिंग येतात. हे वेगळं केलं नाही तर एक जुनी युक्ती चालते: बरेच दिवस न विकलेलं घर काढून टाकायचं, दुसऱ्या दिवशी नव्याने टाकायचं, की ‘बाजारात किती दिवस’ पुन्हा एकपासून सुरू. रेसोच्या डिक्शनरीत त्या लिस्टिंगचे दिवस आणि एकूण साचलेले दिवस अशा दोन वेगळ्या फील्ड आहेत, त्या यासाठीच. साचलेले दिवस घराच्या ओळखीवरून मोजा, आणि ती फील्ड कुणालाही हाताने बदलू देऊ नका.

घराची ओळख पटवताना ‘बी-४०२’, ‘४०२ बी’ आणि ‘B/402’सारखे प्रकार आधी एका साच्यात आणा, मग इमारत, मजला आणि क्षेत्रफळ जुळतंय का बघा. जुळणी संशयास्पद वाटली तर आपोआप एकत्र करू नका. माणसाला दाखवा. चुकून एकत्र झालेली दोन घरं वेगळी करणं हे दुहेरी नोंद सहन करण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. एकाच घराला एकाच एजन्सीकडून एकच चालू लिस्टिंग, हा नियम मात्र युनिक इंडेक्सने पक्का बसवता येतो. फक्त चालू स्थितीतल्या नोंदींपुरता.

वर्णन आणि फोटो यांच्याबद्दल थोडक्यात. वर्णनात फोन नंबर शोधणारा नियम हवा, आणि लोक तो अक्षरांत लिहितात हेही धरून चला. भेदभाव करणाऱ्या शब्दांची यादी ठेवा; अमेरिकेत १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार अशी जाहिरातच बेकायदा आहे. पण यादीतल्या शब्दावर थेट नकार देऊ नका, वाक्य माणसाने वाचलं पाहिजे. फोटोंच्या फाइलमधली ठिकाणाची माहिती अपलोड होतानाच काढून टाका. ‘किमान पाच फोटो’ असा नियम केलात तर एकच फोटो पाच वेळा येईल. फाइलचं हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून बघितलं तर तो लगेच सापडतो, पण थोडा कापून पुन्हा टाकला तर सुटतो. किमान संख्येचा नियम करावा का, हेच मी आता आधी विचारते.

अंमल

‘अवैध मूल्य’ असा संदेश लिहिणाऱ्याने तो स्वतः एकदा फोनवर कुणालातरी समजावून सांगावा. संदेशात तीन गोष्टी हव्यात: तुम्ही काय भरलं, आम्हाला काय अपेक्षित होतं, आणि आता काय करायचं. ‘चटईक्षेत्र ९५० आहे, बिल्ट-अप ८२०. चटईक्षेत्र मोठं असू शकत नाही; आकडे अदलाबदल झालेत का?’ एवढं पुरतं. प्रत्येक नियमाला क्रमांक द्या आणि संदेशात तो दाखवा, म्हणजे एजंट फोन करताना ‘तुमची ती लाल एरर’ म्हणणार नाही.

जे नियम प्रसिद्धीनंतर मोडलेले आढळतात, त्यांच्यासाठी पायऱ्या आधीच जाहीर करा: सूचना, दुरुस्तीची मुदत, मुदत उलटली की लिस्टिंग शोधातून आपोआप बाहेर. अमेरिकेतल्या अनेक एमएलएस, म्हणजे एजंटांच्या सामाईक लिस्टिंग चालवणाऱ्या संस्था, पुढे दंडही करतात. दंड असो वा नसो, पायरी आपोआप चढली पाहिजे. कुणीतरी हाताने बटण दाबायचं ठेवलं की सर्वांत जास्त धंदा देणाऱ्या एजन्सीसाठी ते बटण कधीच दाबलं जात नाही, आणि ही बातमी बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

सवलती द्याव्या लागतातच. त्या तोंडी देऊ नका. कोणता नियम, कोणती लिस्टिंग, कुणी मंजूर केलं, कारण काय आणि सवलत कधी संपते हे टेबलात लिहा. संपण्याची तारीख रिकामी ठेवता येणार नाही अशी नॉट नल करा. दर महिन्याला त्या टेबलाची नियमानुसार मोजणी काढा. एखाद्या विचारणाऱ्या नियमाला बहुतेक जण ‘बरोबर आहे, पुढे चला’ म्हणत असतील तर त्याची मर्यादा चुकली आहे, ती सैल करा किंवा नियम काढा. आणि एकाच एजन्सीचे लोक एकाच नियमाला शब्दशः तेच कारण चिकटवत असतील तर तिथे दंडाची नोटीस पाठवण्याआधी त्यांच्या ऑफिसात फोन करून विचारा. बहुतेक वेळा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती फील्डच नसते.