जुन्या कोल्ट रिव्हॉल्वरचे बदललेले भाग कसे ओळखावेत, आणि मग काय करावं

दीडशे वर्षं जुनं रिव्हॉल्वर हातात आलं की पहिला सल्ला मिळतो, "नंबर जुळतात का बघ," म्हणजे वेगवेगळ्या भागांवर ठोकलेला अनुक्रमांक एकच आहे का ते. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. नंबर ठोकता येतात. अशा जोडकामावर मी पैसे घालवले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण म्हणून कोल्टचं १८५१ सालचं 'नेव्ही' मॉडेल घेतो. ते अमेरिकेत हार्टफर्डच्या कारखान्यात १८७३पर्यंत सुमारे २,१५,००० बनलं, त्यामुळे सुटे भागही भरपूर फिरतात आणि अदलाबदलही भरपूर होते.

कायद्याचं आधी. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' धरलं जातं. इतर देशांत नियम वेगळे आहेत, ते पाहिल्याशिवाय विकतही घेऊ नका.

दुसरी गोष्ट, हत्यार रिकामं आहे याची खात्री. ही काडतुसांची बंदूक नव्हे. सिलिंडरच्या प्रत्येक खणात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासली जायची, आणि शंभर-दीडशे वर्षं तशीच भरून राहिलेली रिव्हॉल्वरं आजही सापडतात. पुढून टॉर्च मारून सहाही खण बघा. तळ दिसला नाही तर तिथेच थांबा. नळीखालची गोळी ठासायची लिव्हर दाबू नका, नळी फ्रेमला धरून ठेवणारी पाचर ठोकू नका, हत्यार जाणकार कारागिराकडे न्या.

आता नंबर. रिव्हॉल्वर उलटं धरलं की चार ठिकाणी पूर्ण नंबर एका ओळीत दिसतो: नळीच्या खालच्या ठोकळ्यावर, फ्रेमच्या पोटाखाली, चापाभोवतीच्या पितळी कडीवर आणि मुठीच्या पाठपट्टीच्या बुडाशी. सिलिंडर, पाचर, सिलिंडर ज्यावर फिरतो तो मधला आस आणि लोडिंग लिव्हर यांवर बहुधा शेवटचे आकडेच असतात. लाकडी मूठ काढली तर आतल्या खाचेत शाईने लिहिलेला नंबर कधीकधी अजून वाचता येतो. सगळे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येकाचा जवळून फोटो काढा.

नंबर वाचण्यासाठी काहीही घासू नका. पॉलिश पेपर नको, स्टील वूल नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. नेव्हीच्या सिलिंडरभोवती १६ मे १८४३ची टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची लढाई कोरलेली असते. हे चित्र ऑर्म्सबी नावाच्या कोरक्याने केलं. खोली इतकी कमी की बहुतेक सिलिंडरांवर त्याच्या खुणाच उरलेल्या असतात. माझ्या पहिल्या नेव्हीवर एका जहाजाची शिडं आणि थोड्या लाटा शिल्लक होत्या. तपकिरी थराखालचा नंबर दिसावा म्हणून मी बारीक स्टील वूलने दहा मिनिटं घासलं. नंबर दिसला, जहाज गेलं. ते परत आणता येत नाही. थोडं तेल, मऊ कापड, भिंग आणि बाजूने तिरका प्रकाश एवढं पुरतं. तरीही आकडा दिसत नसेल तर तो दिसत नाही असं लिहून ठेवा.

आता खरी अवघड पायरी, जिच्यात मी अडकलो होतो. चारही नंबर सारखे दिसतात, मग भाग मूळचे आहेत का?

पहिलं, ठशांचा आकार. एकाच हत्यारावरचे आकडे शेजारी ठेवून बघा: पाचाची मान, चाराची उघडी किंवा मिटलेली टोकं, सातचा कल. तीन भागांवर एक वळण आणि चौथ्यावर दुसरं असेल तर चौथा भाग संशयित. मला फसवलेल्या रिव्हॉल्वरमध्ये नळीवरच्या पाचाचं पोट गोल होतं, बाकी तिघांवर चपटं. विकत घेताना मी आकडे वाचले, पण आकड्यांचा आकार पाहिला नाही. विकणाऱ्याने "सगळे जुळतात" म्हटलं आणि मला तेच हवं होतं.

दुसरं, आकड्याभोवतीचा पृष्ठभाग. ठसा ठोकला की धातू बाजूला सरकून कडेला उंचवटा येतो. कारखान्यात त्यानंतर अंतिम पॉलिश होत असल्याने तो सहसा जातो, आणि राहिलेला वर्षानुवर्षांच्या हाताळणीने झिजतो. बोटाने आकड्याला धारदार कड लागली तर तो नंतर ठोकला असण्याची शक्यता मोठी. आजूबाजूची जागा किंचित खोलगट वाटली, सपाट पट्टी ठेवल्यावर मधून उजेड आला, तर जुना नंबर घासून नवा घातलेला आहे. फ्रेमचा पृष्ठभाग उष्णतेने कडक केलेला असतो, म्हणून फ्रेमवर नंतर ठोकलेले आकडे बहुतेक वेळा उथळ आणि ओबडधोबड येतात.

तिसरी खूण माझ्या मते सर्वांत भरवशाची, आणि हिच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही: गंज. दारू पेटवण्यासाठी सिलिंडरच्या मागे बसवायच्या जुन्या टोप्यांमधली रसायनं धातू खाणारी होती. टोपी फुटली की राख सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि समोरच्या फ्रेमच्या भिंतीवर एकाच वेळी उडायची. म्हणून सिलिंडरच्या मागच्या बाजूला बारीक खड्डे असतील तर समोरच्या भिंतीवरही हवेत. सिलिंडर खड्ड्यांनी भरलेला आणि भिंत गुळगुळीत, तर ते दोघे एकत्र राहिलेले नाहीत, नंबर काहीही म्हणोत. हीच कसोटी नळी आणि फ्रेम जिथे भिडतात तिथे लावा. गंजाचा डाग सांधरेषा ओलांडतो, नळीवर सुरू होऊन फ्रेमवर जातो. नळीवर डाग आणि रेषेच्या पलीकडे कोरी फ्रेम दिसली तर नळी नंतर आली. माझ्या त्या रिव्हॉल्वरमध्ये नेमकं हेच होतं. एकदा ही रेषा बघायला शिकलात की मग ती आपोआप दिसते.

यानंतर मॉडेलच्या चुका, त्या सोप्या आहेत. १८५१च्या नेव्हीची नळी अष्टकोनी असते. १८६१च्या नेव्हीची गोल नळी १८५१च्या फ्रेमवर बसते, म्हणून नळी गोल दिसली की फ्रेमचा नंबर नीट तपासा. मोठी मूठ आणि लोखंडी पाठपट्टी दिसली तर ती १८६०च्या आर्मी मॉडेलची असू शकते. मात्र लंडनला बनलेल्या नेव्हींवर लोखंडी पट्ट्या मूळच्याच होत्या, त्यांना दोष देऊ नका. इटलीत बनलेल्या नकलांवर तारा आणि 'पीएन' असा परीक्षणाचा शिक्का असतो. तो घासून काढून नकलेचा भाग मूळ हत्यारावर चढवण्याचे प्रकार होतात. घासलेली जागा तिरक्या प्रकाशात लाटेसारखी दिसते.

न जुळणारा प्रत्येक भाग म्हणजे लबाडी नव्हे. पाचर तर झिजते, हरवते, ठोकून वाकते. पाचर वेगळी आहे म्हणून हत्यार कमअस्सल मानणाऱ्याशी वाद घालू नका. आणि लष्करी हत्यारांचं तर वेगळंच. १८७३च्या कोल्ट सिंगल ॲक्शनच्या घोडदळासाठी दिलेल्या साडेसात इंची नळ्या १८९०च्या दशकाच्या मध्यापासून कापून साडेपाच इंच केल्या गेल्या. या कामात मोठ्या प्रमाणात भाग एकमेकांत मिसळले आणि नंबर जुळवत बसायला कोणी थांबलं नाही. संग्राहक त्यांना 'आर्टिलरी' म्हणतात. अशा हत्याराचे मिश्र नंबर हीच त्याची खरी हकीकत आहे, आणि ते "दुरुस्त" करणं म्हणजे ती पुसणं.

आता दुरुस्ती. नवा नंबर ठोकायचा नाही. जुना घासायचा नाही. याउलट कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी मी ऐकणार नाही. वेगळा भाग मूळच्या काळातला आणि योग्य मॉडेलचा असेल तर तो आहे तसा ठेवा. चुकीच्या मॉडेलचा किंवा नकलेचा असेल तर त्याच मॉडेलचा जुना भाग शोधा, नंबर वेगळा असला तरी चालेल. झीज आणि रंग जवळचे असले की पुरे. दाखवण्यापुरतं पाहिजे असेल आणि भाग मिळत नसेल तर नवा भाग वापरा, फक्त आतल्या बाजूला तो नवा असल्याची खूण ठेवा.

खोलताना पाचर उजवीकडून डावीकडे निघते. अडकली असेल तर भेदक तेल घालून दोन-तीन दिवस थांबा, मग पितळी किंवा लाकडी दांड्याने हलके ठोके द्या. लोखंडी हातोडी थेट लावली की पाचरीचं तोंड फुलतं आणि खाच फाटते. नळी आसावर घट्ट बसली असेल तर मागून ओढाताण करू नका: सिलिंडर फिरवून दोन खणांमधली भिंत लोडिंग लिव्हरच्या समोर आणा आणि लिव्हर हळूहळू दाबा, नळी पुढे सरकते. हे खण रिकामे असल्याची खात्री झालेल्या हत्यारावरच.

नवी पाचर बसवताना कानस नेहमी नव्या भागावर चालवा. जुन्या खाचेवर एक फटकाही नको. पाचरीवर मार्करने काळं करा, आत घालून काढा, चकाकलेल्या जागा दोन फटके घासा, पुन्हा काळं करा. मी पंधरा-वीस फेऱ्या घेतो. अंगठ्याने दाबून ती शेवटच्या थोड्या अंतरापर्यंत गेली आणि सिलिंडर मोकळा फिरत राहिला की थांबायचं. ठोकून बसवली आणि सिलिंडर आवळला गेला तर पाचर अजून जाड आहे.

स्क्रू. टोक सरळ बाजूंचं, खाचेच्या मापाचं स्क्रूड्रायव्हर घ्या. इटालियन नकलांचे स्क्रू मेट्रिक आट्यांचे असतात, जुन्या भोकात दोन फेरे जातात आणि मग आटे कापतात. अडलं की बाहेर काढा.

आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, मग ती वाकडी पाचर असो, तेल लावून पिशवीत ठेवा. आत चिठ्ठी टाका: कोणत्या नंबरच्या हत्यारातून, कधी काढला, त्याच्या जागी काय घातलं. कारखान्यात फेब्रुवारी १८६४मध्ये मोठी आग लागली, त्यामुळे जुन्या नेव्हींच्या बाबतीत कागद फारसे हाती लागत नाहीत. पुढच्या मालकाला ही चिठ्ठी लागेल, आणि हत्यार हस्तांतरित करताना ती पिशवी त्याच डब्यात जाते.