जुना एम १००८ चिखलात घालायचाय? आधी टायर घेऊ नका

अमेरिकन आर्मीचा जुना एम १००८, म्हणजे सीयूसीव्ही (सिव्हिलियन मॉडेलवरून आर्मीसाठी बनवलेल्या गाड्या) मालिकेतला पिकअप, दारात आला की पहिल्या आठवड्यात सगळे एकच करतात, मीही केलं. ट्रक धड सुरू होत नसतो आणि आपण रात्री दोन वाजता ३७ इंची टायरचे फोटो बघत बसलेलो असतो. म्हणून हे सगळं उलट्या क्रमाने लिहितोय, टायर शेवटाकडे. ज्यांना आधी टायरच घ्यायचेत त्यांना कोणी थांबवू शकत नाही ते मला माहितीये.

हा ट्रक म्हणजे जनरल मोटर्सचा शेवरोले के३० पिकअपच, १९८४ ते १९८७ मॉडेलचा, सव्वा टनी, ६.२ लिटरचं व्ही८ डिझेल, पॉवर १३५ हॉर्सपॉवर म्हणजे यथातथाच, टीएच४०० तीन गिअरचा ऑटोमॅटिक. वरून साधा पण खाली बघा: पुढे डाना ६० ॲक्सल, मागे १०.५ इंची १४ बोल्ट ॲक्सल, त्यात डेट्रॉइट लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियल) कंपनीतूनच बसवलेला, आणि दोन्हीकडे ४.५६ चं गिअर रेशो. सिव्हिलियन पिकअपवाले भंगारात फिरून हेच ॲक्सल शोधतात आणि स्वतःच्या गाडीखाली घालतात, तुम्हाला ते आयते मिळालेत. त्यामुळे या गाडीची मजबुती वाढवायची गरजच नाही, ती दर वेळी सुरू व्हावी, थांबावी आणि सरळ चालावी एवढंच बघायचंय. पैसे तिथे घाला.

घेताना कागद बघा. लिलावातून गव्हर्नमेंटकडून आलेल्या गाडीला एसएफ-९७ फॉर्म असतो, त्यावरून टायटल, म्हणजे मालकीचा कागद, बनतं. मधल्या माणसाकडून घेत असाल तर त्याच्या नावाचं टायटल झालंय का ते आधी विचारा, नंतर तो फोन उचलत नाही. आणि रंगाचं: कॅमोफ्लाजवाल्या गाड्यांवर कार्क नावाचा केमिकल रेझिस्टंट पेंट असतो, तो कोरडा घासून उडालेली धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, त्यावर वेल्डिंगही करू नका. नीट रेस्पिरेटर लावा नाहीतर तो भाग घासायलाच जाऊ नका.

आता इलेक्ट्रिक, इथेच सगळ्यांची वाट लागते. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, दोन अल्टरनेटर, सेल्फ २४ व्होल्टवर फिरतो आणि लाइट, वायपर, हॉर्न वगैरे बाकी जवळजवळ सगळं १२ वर. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) मात्र १२ व्होल्टचे असून त्यांना करंट २४ च्या बाजूने येतो, मध्ये फायरवॉलवर रेझिस्टरची पट्टी आहे ती व्होल्टेज पाडते. गंमत अशी की आठातला एक प्लग गेला की एकूण करंट कमी होतो, रेझिस्टर कमी व्होल्टेज पाडतो, उरलेल्या सात जणांना जास्त मिळतं, मग दुसरा जातो, मग तिसरा, अशी रांगच लागते. वर रिले कधीकधी चिकटून बसतो आणि प्लग चालूच राहतात. जळालेल्या जुन्या पद्धतीच्या प्लगचं टोक फुगतं, मग तो हेडमधून बाहेर येत नाही किंवा टोक आतच तुटतं, माझं एक तुटलं आणि तो शनिवार रविवार कसा गेला ते विचारू नका.

उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या केबल काढा, रेझिस्टरकडून ग्लो प्लग रिलेला जाणारी जाड वायर सोडवा आणि रिलेला सरळ १२ व्होल्टच्या टर्मिनल ब्लॉकवरून, तेवढ्याच जाडीच्या वायरने, सप्लाय द्या. रिले नवा टाका. आठही प्लग एकदम बदला, टोक न फुगणारे घ्या. मग मीटर लावून रिलेवर खरंच १२ च येतायत का बघा, अंदाजाने बॉनेट बंद करू नका.

पूर्ण गाडी १२ व्होल्टवर न्यायची का? बरेच जण नेतात. माझं मत, नको. थंडीत २४ वर इंजिन जे झपाट्याने फिरतं ते सोडण्यात काही अर्थ नाही, आणि सुटसुटीत करायच्या नादात लोक वायरिंगचा असा गुंता करतात की पुढच्या मालकाने रडावं. फक्त बॅटऱ्या कायम जोडीने बदला, एक नवी एक म्हातारी चालत नाही. विंच बसवणार असाल तर २४ व्होल्टचाच घ्या म्हणजे ओढ दोन्ही बॅटऱ्यांवर सारखी येते. अल्टरनेटर बदलताना लक्ष ठेवा, यांचं निगेटिव्ह बॉडीपासून वेगळं ठेवलेलं असतं, २४ च्या बाजूला साधा बॉडी-अर्थवाला ठोकलात तर धूर निघेल. आणि पुढचं ते जाड नाटो सॉकेट २४ व्होल्टचं आहे, शेजाऱ्याच्या कारमधून त्यात जंप घ्यायला जाऊ नका.

इलेक्ट्रिक सोडायच्या आधी गाडीखाली झोपून सेल्फ बघा. सेल्फच्या पुढच्या टोकाला ब्लॉकशी जोडणारं एक छोटं ब्रॅकेट असतं, जुन्या मेकॅनिकने सेल्फ काढताना ते बरेचदा फेकून दिलेलं असतं. ते नसलं तर सगळा झटका मागच्या दोन बोल्टवर येतो, बोल्ट तुटतात, नशीब वाईट असेल तर ब्लॉकचा तुकडाही. एवढ्याशा पत्र्यासाठी इंजिन घालवायचं का.

ब्रेक. एम १००८ ला व्हॅक्यूम नाही, हायड्रोबूस्ट आहे, म्हणजे ब्रेकची मदत पॉवर स्टेअरिंगच्या पंपातून येते. पंप गेला किंवा होज फुटला की स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड होतात, ॲक्युम्युलेटर (थोडा दाब साठवून ठेवणारा डबा) चांगला असला तर एखाद दुसरा दाब मिळतो, बस. तेव्हा पाझरणारा पंप "नंतर बघू" यादीत टाकू नका. मागे ड्रम आहेत आणि ते काढायला ॲक्सल शाफ्ट आणि हब उतरवावं लागतं, चिखलात घातलेल्या गाडीचे लाइनर साफ करायला दर वेळी हे कोण करणार, म्हणून मागे डिस्क करणं मला पटतं, वजनही उतरतं. पण साधे कॅलिपर घातलेत तर हँडब्रेक जातो, आणि चढावर फक्त गिअरबॉक्सच्या पार्किंगच्या खुंटीवर एवढा जड ट्रक सोडायचा म्हणजे कठीणच. हँडब्रेकवाले कॅलिपर बघा.

पुढच्या डाना ६० मध्ये बॉल जॉइंट नसून किंगपिन (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्या) असतात, वरच्या किंगपिनचं बुश आणि स्प्रिंग झिजली की ४० ४५ मैलांच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाकं अशी फडफडतात की स्टेअरिंग हातातून सुटतं. लोक स्टॅबिलायझर शॉक बदलत बसतात, तो रोग झाकतो, बरा करत नाही. जॅक लावून चाक वरखाली हलवून बघा, खेळ असेल तर बुश टाका, ग्रीस भरा.

मग चेसी. स्टेअरिंग बॉक्स जिथे बोल्ट केलाय तिथला चेसीचा भाग वायर ब्रशने चकचकीत करा आणि कोणाला तरी आत बसवून स्टेअरिंग डावीउजवीकडे फिरवायला सांगा. या काळातल्या शेवरोले पिकअपना मोठे टायर घातले की तिथे तडा जातो, हे सगळ्या जुन्या लोकांना माहितीये. तडा असेल तर टोकाला भोक पाडून नीट वेल्ड करा आणि वर मजबुतीची प्लेट लावा, नसेल तरी प्लेट लावा.

आता कुठे उंची. ३५ इंची टायरसाठी ४ इंच पुरतात. पुढे ४ इंची उंच कमान पाटे घ्या, जुन्या पाट्यांवर ब्लॉक ठेवून पुढचा ॲक्सल उचलू नका, कधीच नाही. मागे शॅकल (पाटा चेसीला जोडणारा झुलता दुवा) उलटवणारं शॅकल फ्लिप किट लावलं की साधारण ४ इंच मिळतात आणि मूळ पाटेच राहतात. मागचे पाटे रिकाम्या गाडीला दगडासारखे कडक लागतात, एखादा पान काढला तर चाक खाली लोंबायला लागतं, पण मग हौद्यात वीट सिमेंट भरायचं विसरा. गाडी उचलली की ब्रेकचे रबरी होज लांब घालायचे, हे विसरणारे खूप आहेत, चाक पूर्ण खाली सुटलं की होज ताणून फाटतो. स्टेअरिंगची दांडी पण तिरकी होते, उंच आर्म लावून भागतं, पण पैसे असतील तर क्रॉसओव्हर स्टेअरिंग (दांडी पुढे-मागे न जाता आडवी जाते असं) करा, पाटे दबले की गाडी आपोआप वळते ते बंद होतं.

टायरचं गणित सोपंय. मूळचा २३५/८५ आर १६ म्हणजे पावणेबत्तीस इंच, त्यावर ताशी ५५ मैलांना इंजिन साधारण २६५० आरपीएमवर बोंबलत असतं कारण ओव्हरड्राइव्ह नाही. ३५ इंचीवर तेच २४०० च्या आसपास येतं, म्हणजे इथे मोठा टायर घेतला तर फायदाच, गिअर बदलायचा खर्च नाही. स्पीडोमीटर मात्र ५० दाखवतो तेव्हा तुम्ही ५५ वर असता. १२.५० रुंदीच्या टायरला मूळ साडेसहा इंची रिम अरुंद पडतात, ८ इंची तरी घ्या. हमवीचे (आर्मीच्या रुंद जीपचे) ३७ इंची सेकंडहँड टायर स्वस्त दिसतात पण ते १६.५ इंची रिमचे आहेत. १६ आणि साडेसोळा एकमेकांवर चढवायचा प्रयत्न करू नका, हवा भरताना टायर फुटून माणसं मेलेली आहेत.

ट्रान्स्फर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा गिअरबॉक्स) एनपी२०८ आहे, चेनवाला, ॲल्युमिनियमचा, आणि लोक सांगतात काढून लोखंडी २०५ टाक. मजबूत आहे तो, खरंय. पण २०८ चा लो २.६१ आणि २०५ चा १.९६, म्हणजे पहिल्या गिअरला आत्ता साडेएकोणतीसला एक मिळतंय ते बावीसवर येणार. खडकावर हळू चढायचंय आणि गाडी वेगवान करायची? मी २०८ च ठेवला, फक्त तेल वेळेवर बदलतो, त्यात ऑटोमॅटिकचंच एटीएफ पडतं.

लॉकरबद्दल, पार्किंगमध्ये वळताना मागून खाड खाड आवाज येईल, डिफरन्शियल फुटलेलं नाही, तो असाच असतो. बर्फावर मात्र वळणात ॲक्सिलरेटर दाबलात तर मागची दोन्ही चाकं मिळून शेपूट फिरवतात.

पाण्यात घालणार असाल तर दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस यांचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची तोंडं) रबरी नळीने बॉनेटपर्यंत वर घ्या. गरम ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते, दुसऱ्या दिवशी तेल दुधाळ चहासारखं दिसतं. टोचनसाठी पुढचे मूळचे शॅकल (ओढायच्या कड्या) आणि मागचा पिंटल हुक (ट्रेलर अडकवायचा आकडा) उत्तम आहेत, ते काढून फॅन्सी बंपर लावू नका, आणि पुढचे मॅन्युअल हब (चाकं ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे) लॉक करायला चिखलात शिरायच्या आधी उतरा, रुतल्यावर त्या चिखलात हात घालून फिरवायला मजा येत नाही.

एक मात्र बदलता येत नाही, एकशे साडेएकतीस इंचाचा व्हीलबेस आणि ८ फुटी हौदा. अमेरिकेतल्या मोआबच्या अरुंद खडकाळ ट्रेलवर छोट्या जीपच्या मागे गेलात तर पोट आणि शेपूट दोन्ही घासणार. जंगलातले रस्ते, चिखल, वाळू, बर्फ, सामान भरून चार दिवस बाहेर, हे त्याचं काम.

पाट्यांचे यू-बोल्ट नवेच घाला, काढलेले परत वापरू नका, आणि पहिल्या ५० मैलांनंतर थांबून टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, चाकांचे नटही. पुढच्या ट्रिपनंतर परत एकदा. दुसऱ्या वेळी माझे अर्धा फेरा अजून फिरले होते.